चौदा संगणकांच्या ऑफिसला सबनेट हवेत का?

धागाकर्ता: सीएचं छोटं ऑफिस. 14 संगणक, टॅलीचा सर्व्हर, प्रिंटर, कॅमेऱ्यांचा डीव्हीआर (चित्रण साठवणारं यंत्र), शिवाय येणाऱ्या पक्षकारांचं वायफाय. सगळं एकाच 192.168.1.0/24 सबनेटमध्ये, म्हणजे 254 पत्त्यांच्या एकाच गटात. आता फायरवॉल (ये-जा तपासून अडवणारं यंत्र) बसवतोय, तर त्याच वेळी कर्मचारी, डीव्हीआर आणि पाहुणे पक्षकार असे तीन भाग करावेत असं माझं ठाम मत. एका सबनेटमधली यंत्रं स्विचवरूनच (सगळ्या तारा जिथे जोडतात त्या पेटीवरूनच) एकमेकांशी बोलतात, फायरवॉलला त्याचा पत्ताही लागत नाही. मे 2017 मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस विंडोजच्या फाइल शेअरिंगच्या 445 पोर्टवरून असंच एका संगणकातून शेजारच्यात शिरत गेला.

केबलकरी: मला पटत नाही. 254 पत्त्यांपैकी वीसच वापरात, मग तुकडे कशाला? प्रिंटर वेगळ्या सबनेटमध्ये गेला की मोबाइलला तो आपोआप सापडायचा बंद होतो. एका दवाखान्यात पाच व्हीलॅन (एकाच स्विचवर पाडलेले वेगळे नेटवर्क) केले होते. करणारा मुलगा नोकरी सोडून गेला, स्विचच्या कुठल्या पोर्टवर (तार खोचायच्या खाचेत) काय आहे ते कुठेच लिहिलेलं नाही. स्विच जळाला तेव्हा दोन दिवस पावत्या हातानं फाडल्या. रिटर्नच्या हंगामात हे परवडेल?

पोर्ट२२: दोघांनाही एक विचारतो, स्विच कुठला आहे? साधा अनमॅनेज्ड (ज्यात काही सेटिंग करता येत नाही असा) असेल तर दोन सबनेट एकाच तारेवर येतात. पाहुण्यानं लॅपटॉपला हातानं ऑफिसच्या सबनेटमधला 192.168.1.50 हा पत्ता दिला की तो थेट सर्व्हरसमोर. व्हीलॅन करणारा स्विच नसेल तर ही विभागणी कागदावरचीच.

धागाकर्ता: स्विच मॅनेज्ड घेतलाय, वायफायचा अ‍ॅक्सेस पॉइंटही व्हीलॅन समजणारा आहे. प्रिंटरचं पटलं, तो कर्मचाऱ्यांसोबतच राहील. पण डीव्हीआर मी सर्व्हरशेजारी ठेवणार नाही. 2016 मध्ये मिराई नावाच्या व्हायरसनं कारखान्यातून आलेल्या पासवर्डांवरच असे डीव्हीआर आणि कॅमेरे ताब्यात घेतले होते.

केबलकरी: मग साहेबांना त्यांच्या टेबलावर कॅमेरे कसे दिसणार? पहिल्याच दिवशी फोन येईल.

पोर्ट२२: दिसतील. ऑफिसकडून डीव्हीआरकडे परवानगी द्या, उलट दिशेला नको. ऑफिसनं सुरू केलेल्या जोडणीचं उत्तर फायरवॉल परत येऊ देते, डीव्हीआरनं स्वतःहून सुरू केलेली जोडणी अडवते. फायरवॉलचं सॉफ्टवेअर पीएफसेन्स असेल तर नव्या इंटरफेसवर (नव्या सबनेटच्या जोडणीवर) आधी एकही नियम नसतो, म्हणजे सगळं बंद. लॅनवर, म्हणजे आतल्या मूळ नेटवर्कवर, मात्र सगळं मोकळं असतं, तिथले नियम आवळा.

केबलकरी: डीव्हीआर आणि पाहुणे वेगळे, एवढं मान्य. पण उद्या सर्व्हरला आणखी चौथा सबनेट काढाल, तर त्याला माझा विरोध राहील. आणि कुठल्या पोर्टवर कुठला व्हीलॅन, ते छापून रॅकच्या दाराला आतून चिकटवा. दवाखान्यात तेवढा कागद असता तर तासाभरात काम झालं असतं.