सातविणीची साल मलेरियावर तपासायची आहे, सुरुवात कुठून करावी?

सिंधुदुर्गवाली: आमच्याकडे हिवतापाला सातविणीची साल आणि किराईत ही कडू वनस्पती अजून सांगतात. एम.एस्सी.च्या प्रकल्पात दोन्ही तपासायची आहेत. साल सरळ मेथॅनॉलमध्ये भिजवली तर चालेल का?

रानवाटा: आधी झाड पक्कं करा. काजऱ्याची साल सातविणीची समजून घेतली तर पोटात स्ट्रिक्नीन हे विष जातं, माणूस झटके येऊन दगावतो. सातविणीला एका पेराभोवती पाच-सात पानांचं चक्र असतं आणि खाच मारली की पांढरा चीक येतो. काजऱ्याची पानं समोरासमोर जोडीने, तळापासून तीन-पाच ठळक शिरा, चीक नाही. फुलाफळासकट फांदी दाबून, वाळवून हर्बेरियमचा (वनस्पतिसंग्रहाचा) नमुना करा, त्याचा क्रमांक प्रबंधात द्या. साल एकाच बाजूने काढा, खोडाभोवती पूर्ण सोललीत तर झाड मरतं. पावसाळ्यात आणलेल्या सालीला दोन दिवसांत बुरशी धरते, म्हणून तुकडे करून ४० अंशांच्या ओव्हनमध्ये वाळवा.

मेथॅनॉल घ्या, पण एकटं नको. लोक पितात तो काढाही त्यांच्याच रीतीने करून फ्रीज-ड्राय करा, म्हणजे गोठवून वाळवा. उलट, उकळल्याने औषध मरतही असेल. चिनी संशोधक तू यूयू यांनी १९७१ मध्ये ईथरने, कमी तापमानाला अर्क काढला तेव्हा कुठे आर्टेमिसिया या वनस्पतीचा मलेरियावरचा गुण हाती लागला. म्हणून थंड पाण्यातला तिसरा अर्कही ठेवा.

सूक्ष्मदर्शी: चाचणी फाल्सिपेरम या मलेरियाच्या परजीवीवर. क्लोरोक्विन या औषधाने मरणारा थ्रीडी७ आणि त्याला न जुमानणारा डीडी२, दोन्ही वाण लावा. ५ टक्के सॉर्बिटॉलने सगळे परजीवी कोवळ्या रिंग अवस्थेत जुळवून घ्या. परजीवी असलेल्या पेशी १ टक्का, हिमॅटोक्रिट (द्रावणातलं तांबड्या पेशींचं प्रमाण) २ टक्के. अर्क मिलीलिटरला १०० मायक्रोग्रॅमपासून निम्मा-निम्मा करत खाली, ७२ तास, मग परजीवीच्या डीएनएला चिकटून चमकणारा सायबर ग्रीन रंग. अर्क विरघळवायचं डीएमएसओ शेवटी ०.५ टक्क्याच्या आत हवं, नाहीतर तेच परजीवी मारतं. तुलनेसाठी क्लोरोक्विन आणि आर्टेमिसिनिन (आर्टेमिसियातलं औषध) सोबत लावाच.

फसगत होते ती सॅपोनिनमुळे, म्हणजे वनस्पतीतल्या साबणासारख्या द्रव्यांमुळे. तांबडी पेशी फुटली की आतला परजीवीही जातो आणि आकडा मात्र छान दिसतो. त्याच मात्रेत निरोगी रक्तपेशी ठेवा, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा आणि वरच्या पाण्याचं शोषण ५४० नॅनोमीटरला मोजा. साध्या पाण्यात फुटलेल्या पेशी म्हणजे १०० टक्के. गडद अर्क सायबरची चमकही दाबतो, तेव्हा काचेवर रक्ताचा पातळ थर (स्मिअर) पसरून, जिम्सा रंग देऊन परजीवी सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी मोजा. शिवाय व्हेरो या माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर विषारीपणा बघा. निवड-गुणोत्तर (व्हेरो पेशी मारणारी मात्रा भागिले परजीवी मारणारी मात्रा) १० च्या खाली आलं तर अर्क नुसता विषारी आहे, असंच धरा.

सिंधुदुर्गवाली: पण काढा घेतल्यावर ताप उतरतो असं जाणती माणसं सांगतात. ते कुठे बसवायचं?

सूक्ष्मदर्शी: व्हायवॅक्स या मलेरियाच्या दुसऱ्या परजीवीचा ताप एक दिवसाआड चढतो आणि घाम येऊन आपला आपणच उतरतो. मधल्या दिवशी काढा घेतला की श्रेय काढ्याला जातं. ताप उतरला म्हणजे परजीवी गेला, असं नाही. ते ठरतं स्मिअरमधल्या मोजणीवर. त्यातही व्हायवॅक्स यकृतात दडून बसतो, महिन्यांनी उलटतो. तुमची चाचणी रक्तातल्या फाल्सिपेरमची, तिच्यावरून व्हायवॅक्सबद्दल काही लिहू नका. आणि माहिती विचारायला जाल तिथे कोणाला ताप असेल तर आधी रक्त तपासायला पाठवा, काढ्यावर थांबवू नका.