तपासणी अहवालात दोष निघाल्यावर घराची ठरलेली किंमत कमी मागावी का?

धागाकर्ता

घर पाहिले, किंमत ठरली, इसारही दिला आणि त्यानंतर तज्ज्ञाच्या तपासणीत छतातल्या सळया गंजल्याचे किंवा भिंतीत खालून ओल चढत असल्याचे निघाले, तर खरेदीदाराने किंमतीची बोलणी निःसंकोच पुन्हा सुरू करावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. ती किंमत दोघांना त्या दिवशी जे ठाऊक होते त्यावर ठरली होती. मात्र जो दोष घर पाहताना डोळ्यांना दिसत होता किंवा विक्रेत्याने आधीच सांगितला होता, त्याचे पैसे मागू नयेत. उडालेला रंग आणि झिजलेली फरशी आपण भाव करतानाच धरलेली असते.

घर विकलेला वाचक

मी असहमत आहे. किंमत ठरली की विक्रेता बाकीच्या गिऱ्हाइकांना नकार देतो, त्या पैशांच्या भरवशावर स्वतःचे पुढचे घर ठरवतो, आणि तो असा अडकल्यावर त्याच्यासमोर अहवाल ठेवला जातो. वापरलेल्या घरात दोष निघणारच. काही नजरेतून सुटले तर ठपका आपल्यावर येईल म्हणून तपासनीस किरकोळ गोष्टीही लिहून ठेवतो आणि खरेदीदार त्या लांबलचक यादीलाच घासाघिशीचे हत्यार करतो. शंका असेल तर तपासणी किंमत ठरण्यापूर्वी करावी.

धागाकर्ता

सौदा जमेल की नाही हेच माहीत नसताना प्रत्येक घरासाठी तपासणीचे शुल्क कोण भरेल? विक्रेत्याने स्वतःच आधी तपासणी करून अहवाल येणाऱ्या प्रत्येकाला दाखवला, तर आपली अडचण मुळातच उरत नाही.

स्थापत्य अभियंता

दोन्ही बाजू अहवालातल्या ओळी मोजत आहेत. मोजायला हवे ते दोषांचे कारण. गिलाव्यातली केसाएवढी भेग रंगकामात बुजते, पण खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघून वर रुंद होत जाणारी भेग पाया खचत असल्याची खूण असू शकते, आणि ती अजून वाढते आहे की स्थिरावली आहे हे कळायला काही महिने मापे घ्यावी लागतात. चांगल्या काँक्रीटचा सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) साधारण १२ ते १३ असतो आणि त्यामुळे सळईला संरक्षण मिळते. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे तो ९च्या आसपास उतरला आणि ओलही पोचली की सळई गंजते. गंज मूळ पोलादापेक्षा दुप्पट ते सहापट जागा व्यापतो, म्हणून काँक्रीट आतून फुटून ढलपे पडतात. तिथे वरून गिलावा करणे म्हणजे दोष झाकणे. आर्द्रतामापक ओल आहे एवढेच सांगतो. ती फुटलेल्या नळाची आहे, बाहेरची जमीन जोत्याच्या वर आल्यामुळे आहे, की बंद खोलीत बाष्प साचल्यामुळे, यावर खर्च पूर्णपणे बदलतो. आधी कारण शोधावे, मग दोन ठेकेदारांकडून लेखी अंदाज घ्यावेत आणि मगच आकडा बोलावा.

हिशेब पाहणारा वाचक

अंदाज हाती आला तरी तो पूर्ण वजा मागणे बरोबर नाही. समजा, गच्चीवरच्या वॉटरप्रूफिंगचे आयुष्य १५ वर्षे आहे, त्यातली १२ सरली आहेत आणि ते आताच निकामी झाले आहे. नव्या थराचा सगळा खर्च विक्रेत्यावर टाकला, तर खरेदीदाराला ३ वर्षांच्या जागी १५ वर्षांची गच्ची फुकट मिळते. न्यायाने त्याने एक पंचमांश खर्च मागावा आणि गळतीने खालच्या छताचे झालेले नुकसान वेगळे धरावे.

खरेदीच्या तयारीत असलेली वाचक

हा हिशेब कागदावर पटतो, पण पैसे मला एकदम आणि पूर्ण भरायचे आहेत, तेही घरासाठी सगळी बचत मोडल्यावर. शिवाय भिंत उघडल्यावर आत आणखी काय निघेल, याची जोखीम माझीच. अर्थिंग नसलेल्या वायरिंगला तर वयाचा हिशेब लावूच नये. तो जिवाचा प्रश्न आहे, त्याचा पूर्ण खर्च वजा व्हावा. आणि ओलीवर नुकताच रंग मारलेला आढळला, तर मी किंमत बोलणारच नाही, सौदा सोडून देईन, कारण ज्याने एक गोष्ट झाकली त्याच्या बाकीच्या शब्दांवर मी विसंबू शकत नाही.

घर विकलेला वाचक

लपवाछपवीबद्दल आपल्याशी सहमत आहे. पण प्रामाणिक विक्रेत्याला ताब्यापूर्वी दुरुस्ती करून देण्याची संधी का नसावी?

स्थापत्य अभियंता

कारण निघून जाणारा माणूस बहुधा स्वस्तातली, लवकर उरकणारी दुरुस्ती करतो. किंमत कमी करणे किंवा ठरावीक रक्कम दोघांना मान्य असलेल्या त्रयस्थाकडे काम पूर्ण होईपर्यंत ठेवणे अधिक सुरक्षित.

घर विकलेला वाचक

त्रयस्थाकडे रक्कम ठेवायला माझी हरकत नाही. काम कोणते आणि मुदत कोणती हे लेखी हवे. मात्र खरेदीदाराने कपात एकदाच मागावी, आठवड्याआड नवी यादी आणू नये.

धागाकर्ता

एकदाच मागावी हे मान्य, पण अहवालानेच पुढची चाचणी सुचवली असेल तर नाही. अशा वेळी खरेदीदाराने पहिल्याच भेटीत सांगून ठेवावे की अमुक चाचणीचा निकाल यायचा आहे आणि त्या एका बाबीवर आपण पुन्हा बोलू.