टेकडीवर पळताना उजवा गुडघा दुखतो, मदत हवी आहे

रानवाट:
तीन आठवडे झाले, पुण्यात टेकडीवर पळताना उजवा गुडघा दुखतोय. पहिल्या फेरीत काही नाही. दुसऱ्या फेरीत उतार लागला की बाहेरच्या अंगाने कळ येते आणि चालत परतावं लागतं. डॉक्टरांनी दोन मिनिटांत "पळणं बंद करा" म्हणून गोळ्या लिहून दिल्या. बंद करायचं नाहीये, डिसेंबरात अर्धमॅरेथॉनला नाव दिलंय. बूट नवीन आहेत. रविवारी लांब पल्ला आहे, लवकर सांगा.

माळरान:
कोणती टेकडी? वेताळ, तळजाई, हनुमान, बाणेर? फेरी केवढी? बूट कसले? आठवड्याला किती पळता?

रानवाट:
तळजाई. सहकारनगरात टेकडी म्हटलं की तीच, म्हणून लिहिलं नाही. झाडीतली पायवाट, फेरी साधारण साडेतीन कि.मी., आठवड्यातून पाच दिवस. बूट साधे, रस्त्यावर पळायचे.

कातळवाट:
ताई, वेताळला या. खाणीकडून वर देवळापर्यंत चढा, उतरताना चाला. मी सहा वर्षं हेच करतोय, गुडघ्याची तक्रार नाही. तळजाईच्या सपाटीवर तेच तेच पळून सांधे झिजतात.

माळरान:
सपाटीवर पळून सांधे झिजतात हे कुठून आणलंत? त्यांना उतारावर दुखतंय आणि तुम्ही आणखी मोठ्या उतारावर बोलावताय.

अनवाणी_पाय:
बूट काढा. पाऊल मोकळं झालं की गुडघ्यावरचा भार आपोआप कमी होतो. मी दोन वर्षं अनवाणी पळतोय.

माळरान:
पावसाळ्यात, तळजाईच्या मुरमावर, काट्यांतून? घोणस दिसते तिथे. नवख्या माणसाला असले सल्ले देऊ नका.

सांधेजोड:
मी फिजिओ आहे. न तपासता निदान करत नाही, पण वर्णन ओळखीचं आहे. कमरेच्या बाजूपासून मांडीच्या बाहेरून गुडघ्याखाली नडगीपर्यंत एक जाड पट्टा जातो, इलिओटिबियल बँड. गुडघा साधारण ३० अंशांत वाकला की तो मांडीच्या हाडाच्या उंचवट्यावर दाबला जातो. उतारावर हळू पळताना पाय टेकतो तो नेमका याच कोनात, म्हणून तिथे दुखतं. सूज आहे का? गुडघा अडकतो का? जिना उतरताना दुखतं का? आणि फेरी कुठल्या दिशेने मारता?

वडाची_पारंबी:
तळजाईचा विषय निघालाच आहे तर सांगते. वनविहार म्हणतो आपण, पण झाडी बघा, गिरिपुष्पच गिरिपुष्प. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं झाड. त्याखाली आपलं गवत धड उगवत नाही. आपली सालई, पळस लावा म्हणून किती वर्षं सांगतोय आम्ही.

पर्वतीपायथा:
मी ही टेकडी बोडकी पाहिली आहे. उघड्या मुरमावर सावली धरली ती याच झाडाने. आज मोर ओरडतात त्याच झाडीत. आधी हिरवं होऊ द्या, मग निवड करा.

वडाची_पारंबी:
काका, मोर माळावरही राहतो. त्याला एकाच जातीची दाट झाडी लागत नाही.

रानवाट:
कृपया झाडांचा वेगळा धागा काढा. सूज नाही, अडकत नाही, जिना उतरताना थोडं दुखतं. दिशा रोज एकच, सगळे जातात तीच. त्याने काय फरक पडतो?

सांधेजोड:
तोच फरक पडतो. पायवाट टेकडीच्या कुशीतून आडवी जाते ना? तिथे दरीकडच्या अंगाला कुठला पाय असतो?

रानवाट:
उजवा. जवळजवळ अर्धी फेरी.

सांधेजोड:
मग रोज तोच पाय खालच्या पातळीवर पडतो आणि बाहेरचा पट्टा ताणला जातो. रविवारचा लांब पल्ला रद्द करा. दहा दिवस सपाटीवर, दुखायच्या आत थांबायचं, उतार चालत. मग एक दिवस सुलटी, एक दिवस उलटी फेरी. रोज कुशीवर झोपून वरचा पाय सरळ ठेवून उचला, टाच किंचित मागे, दोन्ही बाजूंनी पंधरा-पंधरा वेळा. सूज आली किंवा गुडघा अडकला तर मात्र हाडांच्या डॉक्टरांना दाखवाच.

पर्वतीपायथा:
उलट्या दिशेने पळणार असाल तर वळणावर वेग कमी ठेवा, बाळ. पहाटे अंधारात आमच्यासारखी काठी घेतलेली माणसं समोरून येतात. गेल्या पावसाळ्यात माझ्या सोबत्याला असाच एकाचा धक्का लागून मनगट मोडलं.

रानवाट:
हो काका, लक्षात ठेवेन. उजाडल्यावरच जाईन.

कातळवाट:
दहा दिवस सपाटीवरच, तर मग रस्त्यावर पळा ना. तळजाईच कशाला?

रानवाट:
कारण रस्त्यावर मी पळूच शकत नाही. धूर, हॉर्न, मागे लागणारी कुत्री. आईच्या आजारपणात पहाटेची ती पाऊण तासाची झाडी नसती तर मी उभी राहिले नसते. म्हणूनच बंद करायचं नाहीये.

(अकरा दिवसांनी)

रानवाट:
आज पहिल्यांदा उलटी फेरी मारली. एकच, उतार चालत. कळ आली नाही. सांधेजोड, मनापासून आभार. एक राहिलं सांगायचं, दोन वर्षांपूर्वी डावा घोटा जोरात मुरगळला होता. त्याचा काही संबंध असेल का?

सांधेजोड:
हे पहिल्या दिवशी हवं होतं, ताई. डाव्या एका पायावर तीस सेकंद उभ्या राहा, आधार न घेता. मग उजव्यावर. कुठल्या पायावर कंबर एका बाजूला खाली जाते ते आरशात बघून लिहा.