अनुभव धागा: गरोदरपणातली तब्येत आणि तपासण्या. तुमचा अनुभव काय?

मला सध्या सातवा महिना चालू आहे. माहिती सगळीकडे भरपूर मिळते. पण अमुक त्रास सुरू झाला तेव्हा नेमकं कसं वाटत होतं, डॉक्टरांना कुठल्या शब्दांत सांगितलं, पुढे काय झालं, हे ज्या यातून गेल्यात त्यांच्याकडूनच कळतं. म्हणून हा धागा. नवऱ्यांनी, आयांनी, सासवांनी, नर्सेसनीही जरूर लिहा. एकच विनंती, औषधं आणि डोस एकमेकींना सुचवू नका. ते जिच्या तिच्या डॉक्टरांनी ठरवायचं.

सुरुवात मीच करते. मला आधीपासून थायरॉइड आहे. चाचणी पॉझिटिव्ह आली त्याच दिवशी डॉक्टरांना फोन केला, कारण गरोदरपणात थायरॉइड हार्मोनची गरज पहिल्या काही आठवड्यांतच वाढते आणि सुरुवातीला बाळ पूर्णपणे आईच्याच हार्मोनवर अवलंबून असतं. टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) बघून लगेच गोळी वाढवली. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या या गोळीपासून चार तास तरी लांब ठेवायच्या, नाहीतर ती नीट शोषली जात नाही. हे वेळापत्रक मी फ्रीजवर चिकटवलंय.

*

धागा काढलास ते फार बरं झालं. मला फिट्सचा त्रास आहे, त्यामुळे बाळाचा विचार सुरू केला तेव्हाच न्यूरॉलॉजिस्टना भेटले. फिट्सची काही औषधं बाळाला घातक ठरू शकतात, पण मनाने गोळी बंद करणं त्याहून धोक्याचं, असं त्यांनी निक्षून सांगितलं. दिवस राहण्याआधीच औषध बदलून, स्थिर करून घेतलं.

फोलिक ॲसिडही तेव्हाच सुरू झालं. बाळाचा मेंदू आणि मणका ज्या नळीपासून तयार होतो ती गर्भधारणेनंतर साधारण 28 दिवसांत बंद होते. तेव्हा बऱ्याच जणींची पाळी नुकतीच चुकलेली असते! म्हणून रोज 400 मायक्रोग्रॅम हे आधीपासून घ्यायचं असतं. माझ्यासारख्या काही जणींना डॉक्टर जास्त मात्रा देतात.

*

माझा अनुभव जरा लांबलचक आहे, पण लिहायलाच हवा.

पहिल्या खेपेला सातव्या महिन्यात पाय सुजायला लागले. पाय सुजतातच, असं सगळ्या म्हणत होत्या आणि बहुतेकींच्या बाबतीत ते खरंही असतं. पण एका सकाळी अंगठी बोटातून निघेना. चेहरा फुगलेला, कपाळ असं ठणकत होतं की उजेड नकोसा झाला, आणि वाचताना अक्षरांवर मध्येच चमचम दिसायची. तडक दवाखाना गाठला. नर्सनी बीपी घेतलं, दुसऱ्या हातावर घेतलं, थोडं थांबून परत घेतलं. वरचा आकडा 160 च्या पुढे होता आणि लघवीत प्रथिनं सापडली. प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढून होणारा गंभीर आजार. झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम, बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टेरॉइडची इंजेक्शनं आणि मग सिझेरियन. लेक बरेच दिवस काचेच्या पेटीत होती. आता शाळेत जाते, धावण्यात पहिली येते.

दुसऱ्या वेळी पहिल्याच भेटीत हा सगळा इतिहास सांगितला. तिसरा महिना संपता संपता डॉक्टरांनी कमी मात्रेची ॲस्पिरिन सुरू केली, कारण धोका जास्त असलेल्यांमध्ये तिने हा आजार टळण्याची शक्यता वाढते. घरी बीपीचं मशीन आणलं. पाच मिनिटं गप्प बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीला, आणि मगच बटण दाबायचं. आकडा 140/90 ला पोचला तर फोन करायचा असं ठरलं होतं.

बीपी वाढायला लागतं तेव्हा सुरुवातीला काहीच जाणवत नाही. म्हणून अगदी ठणठणीत वाटत असतानाही तपासणी चुकवू नका. डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणं, बरगड्यांखाली दुखणं, यातलं काहीही अंगावर काढू नका. बाळंतपणानंतरही नाही, कारण हा आजार तेव्हाही उद्भवू शकतो.

*

एक विचारायचं होतं. मला आठवा महिना आहे. काही दिवसांपासून रात्री तळहात आणि तळपाय प्रचंड खाजतात, अंगावर पुरळ मात्र अजिबात नाही. चादरीवर तळवे घासत बसते. त्वचा ताणली जाते म्हणून होतं का हे? पुढची तपासणी पंधरवड्याने आहे.

*

मी एक बाबा. बायकोचा रक्तगट आरएच निगेटिव्ह, माझा पॉझिटिव्ह. बाळ पॉझिटिव्ह असेल आणि त्याचं रक्त आईच्या रक्तात मिसळलं तर आईचं शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. पहिल्या बाळाला सहसा त्रास होत नाही, पुढच्याला होऊ शकतो. त्यासाठी 28 व्या आठवड्याच्या सुमारास अँटी-डीचं इंजेक्शन देतात आणि प्रसूतीनंतर बाळ पॉझिटिव्ह निघालं तर 72 तासांच्या आत पुन्हा. मी फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने मोठ्या अक्षरांत रक्तगट लिहून ठेवला होता. मधे ती जिन्यावरून घसरून पोटावर पडली. रक्तस्राव नव्हता, तरी आम्ही दाखवायला गेलो. ते लाल अक्षर पाहून ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी विचारलं आणि तेव्हाही इंजेक्शन दिलं.

नवऱ्यांनो, फाइल तुम्ही सांभाळा. आत सोबत जा आणि जे सांगतात ते लिहून घ्या.

*

तळवे खाजणाऱ्या ताईंसाठी: पुढच्या तपासणीपर्यंत थांबू नका, आजच फोन करा. मला अगदी हेच झालं होतं, तळवे, रात्री जास्त, पुरळ नाही. यकृतातून पित्ताचा निचरा नीट न झाल्याने असं होऊ शकतं, त्याला कोलेस्टेसिस म्हणतात. साध्या रक्ततपासणीत कळतं, लिव्हरच्या तपासण्या आणि बाइल ॲसिड, म्हणजे पित्तातलं आम्ल. या आम्लाचं प्रमाण फार वाढलं तर बाळाला धोका असतो, म्हणून लक्ष ठेवतात आणि गरज पडली तर प्रसूती थोडी लवकर करतात. माझी खाज बाळंतपणानंतर थांबली. तुमचं कारण वेगळंही असेल, पण ते रक्त तपासूनच ठरू दे.

*

मी प्रसूतिपूर्व तपासणी विभागात नर्स आहे. ताई, वरचा सल्ला अगदी बरोबर आहे, फोन कराच.

दर वेळी तेच वजन, तेच बीपी, तीच लघवी, याचा अनेकींना कंटाळा येतो. पण आम्ही एकटा आकडा बघत नसतो, मागच्या वेळेपेक्षा किती बदलला ते बघत असतो. मधल्या भेटी चुकल्या की तो फरक दिसतच नाही. जागतिक आरोग्य संघटना 2016 पासून निदान आठ भेटी सुचवते, पहिली 12 आठवड्यांच्या आत.

आणि एक समज मला खरंच खोडून काढायचाय. शेवटी जागा कमी पडते म्हणून बाळाची हालचाल कमी होते, असं सर्रास सांगितलं जातं. हालचालीची तऱ्हा बदलते, लाथांऐवजी कूस बदलल्यासारखं वाटतं, पण हालचाल कमी व्हायला नको. रोजच्यापेक्षा कमी वाटली तर सकाळ व्हायची वाट न बघता निघा. रक्त गेलं, पाणी गेलं, ताप आला, तरीही तेच. सगळं ठीक निघालं तर आम्हाला आनंदच होतो, उगाच आलात असं कुणी म्हणणार नाही.

*

मला साखर निघाली होती. 24 ते 28 आठवड्यांत ग्लुकोजचं पाणी पाजून तपासतात, त्यात कळलं. वारेतून येणाऱ्या हार्मोन्समुळे इन्सुलिनचा परिणाम कमी होतो, त्यामुळे अगदी सडपातळ बाईलाही होऊ शकतं. जेवणानंतरचं चालणं आणि आहारतज्ज्ञांनी आखून दिलेलं खाणं यावर काही आठवडे भागलं, मग इन्सुलिन लागलं. बाळाला बाधेल का, म्हणून खूप घाबरले होते. इन्सुलिन वार ओलांडून बाळापर्यंत जवळजवळ पोचतच नाही, हे डॉक्टरांनी समजावलं तेव्हा जीव भांड्यात पडला. प्रसूतीनंतर दीड ते तीन महिन्यांत साखर पुन्हा तपासायची असते. तेव्हा बाळापुढे काही सुचत नाही, म्हणून आताच कॅलेंडरवर लिहून ठेवा.

*

मनाबद्दलही लिहा गं कुणी. मला पाचव्या महिन्यात झोप येईना, बाळाचे कपडे बघूनही काही वाटेना, रडू मात्र थांबत नव्हतं. तपासणीला गेले तेव्हा हे असंच्या असं सांगितलं. समुपदेशन सुरू झालं, नंतर गरोदरपणात चालेल असं औषधही. हळूहळू निवळलं.

*

खाजेबद्दल विचारणारी मीच. फोन केला, त्यांनी लगेच बोलावलं. बाइल ॲसिड आणि लिव्हरच्या तपासण्यांसाठी रक्त घेतलंय, बाळाचे ठोके मशीनवर बघितले, ते छान आहेत. रिपोर्ट आला की कळवते. सैल सुती कपडे आणि झोपण्याआधी गार पाण्याने अंघोळ, असं सांगितलंय. ज्यांना हे झालं होतं त्या रात्री झोप लागावी म्हणून आणखी काय करत होत्या?