वाघोलीत मेट्रो येणार म्हणून आत्ताच फ्लॅट बुक करावा का?

चंदननगरची_सून
नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. आम्ही दोघंही पुण्यात खराडीत नोकरीला, राहायला चंदननगरला भाड्याने. वाघोलीत केसनंद रोडच्या बाजूला एक टू बीएचके बघितलाय, कारपेट ६४० स्क्वेअर फूट, ॲग्रीमेंट व्हॅल्यू ७२ लाख, बिल्डिंगचा आत्ता पाचवा स्लॅब ओतून झालाय आणि पझेशन अडीच वर्षांनी म्हणतात. सेल्स ऑफिसात भिंतभर नकाशा लावलाय, त्यात मेट्रो, रिंग रोड, शिरूरपर्यंतचा एलिव्हेटेड रोड, पुरंदरचं विमानतळ सगळं दाखवलंय आणि प्रत्येकासमोर मिनिटं लिहिलीत. तिथला मुलगा म्हणतो मेट्रोला दिल्लीतून मंजुरी आली, आता रेट थांबणार नाही, या महिन्यात टोकन द्या नाहीतर पुढच्या महिन्यापासून स्क्वेअर फुटाला दोनशे वाढले. सासरे म्हणतात घेऊन टाका, माझा भाऊ म्हणतो ताई थांब. पेपरात रोज एक नवीन प्रोजेक्ट येतो, त्यातलं किती खरं धरायचं हेच कळत नाही.

स्लॅबवाला
ताई, मंजुरी खरी आहे, तो खोटं बोलत नाहीये. रामवाडी ते वाघोली विठ्ठलवाडी आणि वनाज ते चांदणी चौक या दोन्ही तुकड्यांना केंद्राच्या मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये हिरवा कंदील दिला, दोन्ही मिळून १२.७५ किमी, १३ स्टेशनं, खर्च ३,६२६ कोटी आणि चार वर्षांत पूर्ण करायचं म्हणून सांगितलं होतं. पण मी साइटवर काम करणारा माणूस आहे, "पूर्ण करायचं" आणि "पूर्ण झालं" यात काय काय येतं ते रोज बघतो. मंजुरीनंतर टेंडर, मग वर्क ऑर्डर, मग सॉइल टेस्टिंग, ड्रेनेज आणि केबल हलवणं, स्टेशनच्या जिन्यासाठी कडेची जागा ताब्यात घेणं, यातली एक जागा अडली की मधले चार खांब राहून जातात आणि दोन्ही बाजूंनी काम तयार असूनही मधे गाळा मोकळाच.

पुण्याचीच उदाहरणं घ्या. मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१६ ला, वनाज-गरवारे आणि पिंपरी-फुगेवाडी हे पहिले दोन तुकडे सुरू झाले मार्च २०२२ ला, आणि सिव्हिल कोर्ट ते स्वारगेट भुयारी भाग सप्टेंबर २०२४ ला. हिंजवडी-शिवाजीनगर लाइन तर २३ किमीची, भूमिपूजन डिसेंबर २०१८ चं, आणि २०२५ संपलं तरी लोक खांबांच्या खालूनच गाडी हाणत होते. म्हणजे मेट्रो येत नाही असं नाही, येते. पण तुमचं पझेशन अडीच वर्षांनी आणि मेट्रो त्याच्याही नंतर, हे धरूनच हिशोब करा. शिवाय बांधकाम चालू असताना नगर रोडला बॅरिकेड लागणार, ती दोन-तीन वर्षं तुम्हालाच काढायचीत.

पेठेतला_मी
नकाशात एचसीएमटीआर दाखवलाय का? नसेल तर बिल्डर प्रामाणिक आहे, लगेच घ्या.
नव्या लोकांसाठी सांगतो, हा शहरातून गोल फिरणारा ३५-३६ किमीचा रस्ता १९८७ च्या डीपीत (शहराच्या विकास आराखड्यात) आखलेला, अजून कागदावरच. बालभारती-पौड फाटा रस्ताही त्याच डीपीतला, त्यावर अजून भांडणं चालू आहेत, टेकडी फोडायची का नाही म्हणून. आमच्या शेजारच्या काकांनी त्या रस्त्याच्या भरवशावर फ्लॅट घेतला होता, आता त्यांचा नातू लायसन्स काढतोय.

स्लॅबवाला
हाहा, पण काका बालभारतीचं वेगळं, तिथे टेकडी आणि झाडांचा खरा प्रश्न आहे, नुसती सरकारी दिरंगाई नाही.

बी_विंग_वाघोली
मी २०१९ पासून वाघोलीत राहतो आणि सोसायटीच्या कमिटीत आहे (नशीब माझं). मेट्रोचं सगळे बोलले, पाण्याचं कुणीच बोललं नाही. ताई, तुम्ही सेल्स ऑफिसात एकच प्रश्न विचारा, महापालिकेचं नळकनेक्शन आहे का, आणि "येणार आहे" म्हणाले तर पाइपलाइन आत्ता कुठल्या चौकापर्यंत आलीये ते दाखव म्हणा.

वाघोली महापालिकेत आली ती जून २०२१ ला, २३ गावांबरोबर. कर महापालिकेचा सुरू झाला आणि बांधकामाच्या परवानग्या मात्र पुढे काही वर्षं पीएमआरडीएकडेच (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) होत्या, त्यामुळे पाण्याचं विचारायला गेलं की हे तिकडे बोट दाखवणार आणि ते इकडे. परवानगी देताना बिल्डरकडून हमीपत्र घेतात की पालिकेचं पाणी येईपर्यंत पाणी मी पुरवेन. कागद छान आहे. आमच्या बिल्डरने सोसायटी हँडओव्हर केल्यावर पहिल्या महिन्यापासून टँकरचं बिल आमच्या नावावर, आणि ते हमीपत्र आम्हाला माहितीच्या अधिकारात अर्ज करून मिळालं.

हिशोब स्वतः करून बघा. माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात. शंभर फ्लॅट, घरटी चार माणसं, म्हणजे रोज ५४ हजार लिटर. बोअरला पाणी असलं तर ठीक, मार्च-एप्रिलात बोअर बसला की दहा हजारवाले पाच-सहा टँकर रोज. आणि टँकर रात्री दोनला येतो, पाइप टाकीत सोडायला वॉचमन झोपलेला असतो, मग ओव्हरफ्लो होऊन लिफ्टच्या डक्टमध्ये पाणी, मग लिफ्टवाला आला की त्याचं वेगळं. मेंटेनन्सचा आकडा ब्रोशरमध्ये असतो त्यात हे काहीच धरलेलं नसतं.
आजूबाजूच्या ज्या सोसायटीत लोक राहायला येऊन दोन उन्हाळे झालेत तिथल्या चेअरमनला मे महिन्याचं टँकरचं बिल दाखवा म्हणा, कुणीही दाखवतो, सगळेच वैतागलेत.

चंदननगरची_सून
बापरे, पाण्याचं आम्ही विचारलंच नव्हतं, सॅम्पल फ्लॅटमधल्या वॉर्डरोबवरच अर्धा तास गेला आमचा. कागदपत्रांत नक्की काय बघायचं? त्याने रेरा नंबर (बिल्डरांसाठीच्या कायद्याखालचा प्रोजेक्टचा नोंदणी नंबर) दिलाय आणि बँक लोन द्यायला तयार आहे, मग सगळं क्लिअरच ना? आणि टोकन किती द्यावं, तो दहा लाख म्हणतोय, ॲग्रीमेंट नंतर करू म्हणतो.

स्लॅबवाला
अजिबात नाही!! रेरा कायद्याच्या कलम १३ प्रमाणे ॲग्रीमेंट रजिस्टर केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेताच येत नाही. तुमच्या ७२ लाखाचे १० टक्के म्हणजे ७ लाख २० हजार, तो दहा मागतोय. इथेच कळतं गडी कसा आहे ते.

रेरा नंबर आहे याचा अर्थ प्रोजेक्टची नोंद झालीये एवढाच, सगळं ओके असा नाही. जाहिरातीवरचा क्यूआर स्कॅन करा (ऑगस्ट २०२३ पासून तो छापणं सक्तीचं आहे), महारेराच्या पेजवर जा आणि पझेशनची तारीख बघा. सेल्सवाला अडीच वर्षं सांगतो आणि तिथे चार लिहिलेली असतात. कायद्याने धरायची ती तिथली आणि ॲग्रीमेंटमधली तारीख, ती चुकली तर कलम १८ खाली व्याज किंवा पैसे परत मागता येतात, तोंडी तारखेला कोण विचारतो. एकदा मुदतवाढ घेतलीये का, कोर्टकेस आहे का, किती फ्लॅट बुक दाखवलेत तेही तिथेच दिसतं. सत्तर टक्के बुक सांगतात आणि पेजवर वीस.

हप्त्यांचं पण बघा. महाराष्ट्राच्या मॉडेल ॲग्रीमेंटप्रमाणे प्लिंथ (जोतं) झाल्यावर एकूण ४५ टक्क्यांपर्यंत आणि सगळे स्लॅब झाल्यावर ७० टक्क्यांपर्यंतच घेता येतात. पाचव्या स्लॅबला ऐंशी टक्के भरा डिस्काउंट देतो म्हणाला तर तो तुमच्या पैशावर दुसरीकडची प्लिंथ भरतोय असं समजा.
बँक लोन देते म्हणजे बँकेच्या वकिलाने टायटल, म्हणजे जागेची मालकी, बघितलं. बँक पाणी बघत नाही, रस्ता बघत नाही. सर्च रिपोर्ट स्वतःच्या वकिलाकडून काढून घ्या, दहा-वीस हजाराकडे बघू नका.

पेठेतला_मी
आणि फ्रंट रोड किती मीटरचा ते नकाशात नाही, जागेवर टेप लावून बघा. डीपीत १८ मीटर असतो आणि प्रत्यक्षात समोरून ट्रॅक्टर आला की रिव्हर्स घ्यावी लागते.

बी_विंग_वाघोली
+१. पावसाळ्यात एकदा जाऊन या, संध्याकाळी सातला, खराडी बायपासवरून. तेव्हा ब्रोशरमधली मिनिटं मोजा.

रजिस्ट्री_काउंटर
पैशाचं थोडं सांगतो. ७२ लाखात काही संपत नाही. चालू बांधकामात जीएसटी ५ टक्के म्हणजे ३ लाख ६० हजार (१ टक्क्याचा रेट ४५ लाखाच्या आतल्या घरांना). मुद्रांक शुल्क पुण्यात मेट्रोच्या एक टक्का अधिभारासकट ७ टक्के, ५ लाख ४ हजार, वर नोंदणी फी ३० हजार. म्हणजे मेट्रो यायच्या आधीच तुम्ही मेट्रोला ७२ हजार देणार आहात. घर फक्त तुमच्या एकट्याच्या नावावर घेतलंत तर बाईमाणूस म्हणून एक टक्का सूट आहे, तेवढेच ७२ हजार परत वाचतात. नवऱ्याचं नाव टाकलं की सूट गेली. आता सासऱ्यांना हे कसं सांगायचं ते तुम्ही बघा.
ओसी (राहायला जायचा पालिकेचा दाखला) मिळालेलं रेडी घर घेतलं तर जीएसटी लागत नाही, म्हणून तुलना करताना रेडीवाल्याचा रेट जास्त दिसला तरी हे साडेतीन लाख आणि अडीच वर्षांचं चंदननगरचं भाडं वजा करून बघा.

चंदननगरची_सून
खूप आभार सगळ्यांचे. क्यूआर स्कॅन केला, पेजवर पझेशन डिसेंबर २०२९ आहे!! आणि तो मुलगा मघाशी फोनवर म्हणाला ते फक्त फॉर्मॅलिटीसाठी लिहितात मॅडम. रविवारी शेजारच्या दोन सोसायट्यांत जाऊन येतो. अजून एक, ओपन पार्किंगचे अडीच लाख वेगळे सांगितलेत, ते द्यावे लागतात का?

स्लॅबवाला
ओपन पार्किंग विकता येत नाही, ती सोसायटीची कॉमन जागा. कव्हर्ड किंवा गॅरेज असेल तर विकतात, आणि ते ॲग्रीमेंटमध्ये कुठे, किती बाय किती असं लिहून घ्या. अडीच लाखाची पावती माग म्हणा, बघा काय म्हणतो.