लोकरीचा चेंडू सुटतो, विणकामात टाके वाढतात, हळद लाल होते: काय चुकतंय?

मुक्काम_इंदिरानगर:
वाल्डॉर्फ पद्धतीने (हातकामावर भर देणारी जर्मन शिक्षणपद्धत) घरीच शिकवतोय. मुलगी ४ वर्षांची, मुलगा साडेसहाचा. तीन ठिकाणी अडलंय.
नाशिकच्या मेन रोडवरून आणलेली लोकर साबणाच्या पाण्यात अर्धा तास घोळली, तरी चेंडू घट्ट झाला नाही. वाळल्यावर सगळा सुटला.
मुलाला १२ टाके घालून दिले, दहाव्या ओळीला मोजले तर १७.
हळदीत रंगवलेला सुती दोरा छान पिवळा आला, साबणाने धुताच लालसर.
आणि धाकटीला विणायच्या सुया नकोत, तर मग काय द्यावं?

नमदा_आणि_सुई:
दुकानात ‘लोकर’ म्हणून जी मिळते ती बहुतेक ॲक्रिलिकच, म्हणजे कृत्रिम धागा. विणायला उत्तम, पण तिचा चेंडू जन्मात होणार नाही. मेंढीच्या केसावर बारीक खवले असतात. कोमट पाणी आणि साबण लागला की ते उघडतात, घोळताना एकमेकांत अडकतात आणि मग सुटत नाहीत. ॲक्रिलिकला खवलेच नाहीत, कापसालाही नाहीत. खात्री करायची तर दोन इंच धागा चिमट्यात धरून पेटवा (मुलांना लांब ठेवून). खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख चुरगळते. ॲक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो. लेबलवर ‘सुपरवॉश’ असेल तर खरी असली तरी नको, तिचे खवले आधीच निकामी केलेले असतात.

घ्यायची ती पिंजलेली, न कातलेली लोकर. १० ग्रॅममध्ये साधारण मोठ्या लिंबाएवढा चेंडू होतो. गाभ्याला जुन्या लोकरी स्वेटरची चिंधी चालते. त्यावर पातळ थर द्या, एक उभा, एक आडवा. सगळे थर एकाच दिशेने गेले की चेंडू त्याच रेषेत फाटतो. लिटरभर पाणी, हाताला सोसेल इतकं गरम, त्यात चमचाभर किसलेला साबण. पहिली चार मिनिटं फक्त तळव्यांत फिरवायचं, अजिबात दाबायचं नाही. मुलं नेमकी इथेच जोर लावतात, मग घडी पडते आणि तिचीच पुढे भेग होते. पडलीच भेग तर वरून लोकरीचा पातळ पापुद्रा गुंडाळा आणि पुन्हा हलक्या हाताने सुरुवात करा. साल पक्की झाली की दहा मिनिटं जोरात. फेसाने हात नुसते घसरायला लागले तर साबण जास्त झालाय, साधं कोमट पाणी घाला. शेवटी गार पाण्यात साबण पूर्ण काढा. उन्हात दोन दिवस. पावसाळ्यात हा उद्योग नकोच, आतून कुबट वास येतो.

दोन_सुया:
टाके वाढण्याचं कारण जवळजवळ नेहमी ओळीच्या सुरुवातीला असतं. काम उलटवल्यावर धागा सुईवरून मागे ओढला जातो, पहिल्या टाक्याचे दोन पाय वर येतात आणि मूल दोन्ही विणतं. पहिला टाका घेण्याआधी धागा पुढून खाली ओढून ठेवायचा, एवढीच सवय लावा. दुसरं कारण म्हणजे ओळ अर्धी सोडून उठणं: परत बसल्यावर दिशा उलटी होते. ओळ संपल्याशिवाय खाली ठेवायचं नाही. १७ झाले असतील तर उसवा, मधेच दोन-दोन एकत्र विणून लपवू नका.

तुमची ॲक्रिलिक लोकर इथे वापरून टाका. फक्त फिकट रंगाची घ्या, गडद रंगात टाके दिसत नाहीत. सुती धाग्याला ताण नसतो, शिकताना तो हाताला जड जातो. सुया घरीच करा: २० सेंमी लांब, ५ मिमी जाड बांबूच्या काड्या, १२० नंबरच्या पॉलिश पेपरने आणि मग ३२० ने घासून, टोक बोथट ठेवून, वर मधमाशीचं मेण. हे घासणं मुलानेच करायचं. सगळ्या ओळी सुलट विणल्या तर १२ टाके आणि २४ ओळींत चौकोन होतो.

स्टुटगार्टला १९१९ मध्ये पहिली वाल्डॉर्फ शाळा निघाली तेव्हापासून मुलगे-मुली दोघांनाही विणकाम शिकवतात, त्यामुळे ‘मुलगा आणि विणकाम?’ म्हणणाऱ्या पाहुण्यांकडे दुर्लक्ष करा.

वातीवाली:
धाकटीसाठी बाहेरून काही आणू नका ताई, फुलवाती वळायला द्या. सरकी काढलेल्या कापसाचा बोराएवढा पुंजका, मधून तंतू वर ओढायचे आणि शेंडा दोन बोटांत पिळायचा. बोटाला दुधाचा थेंब किंवा चिमूटभर विभूती लावली की पीळ धरतो, नाहीतर कोरडा कापूस निसटत राहतो. लांब वात मांडीवर वळतात, ती या वयात जमत नाही, तंतू तुटतो. दुसरं म्हणजे झेंडू ओवणं: बोथट जाड सुई, दुहेरी दोरा, फूल देठाकडून. तुम्ही शेजारी बसून स्वतःची माळ करा. या वयात सूचना नकोत, मूल बघून शिकतं. दहा मिनिटांनी उठून गेली तर जाऊ द्या.
बोटांनी साखळी विणणं पाचव्या वर्षाच्या आसपास. मीटरभर साखळीला पाचेक मीटर धागा धरा.

सालपटं:
हळदीचा रंग आम्ल-अल्कलीवर बदलतो. साबण अल्कली, म्हणून लाल. लिंबाच्या पाण्यात बुडवा, परत पिवळा होईल. पण उन्हात तो उडणारच, टिकाऊ कामाला हळद नको.

नाशकात बसून कांद्याची सालं सोडून हळद कशाला? ५० ग्रॅम खऱ्या लोकरीला ५० ग्रॅम कोरडी सालं, ५ ग्रॅम तुरटी. लोकर आधी तुरटीच्या पाण्यात पाऊण तास मंद आचेवर, उकळी येऊ न देता, आणि त्याच पाण्यात निवू द्या. सालं तासभर उकळून गाळा, मग त्यात लोकर पाऊण तास. सोनेरी-तपकिरी रंग येतो. पातेलं स्टीलचं, लोखंडी कढईत रंग काळपट होतो. गरम लोकर एकदम गार पाण्यात टाकून ढवळली की तिथेच गोळा. सुती दोऱ्याला नुसती तुरटी पुरत नाही, आधी हिरड्याच्या पाण्यात रात्रभर भिजवा. ॲक्रिलिक मात्र रंगच घेणार नाही. मुलांकडे सालं वेचणं आणि वजन करणं, चुलीपाशी मोठे.

मुक्काम_इंदिरानगर:
आभार. धागा जाळून पाहिला, मणीच झाला! सिन्नरकडे धनगरांकडून कच्ची लोकर घेतली तर चालेल?

नमदा_आणि_सुई:
गाभ्याला चालेल. दख्खनी मेंढीची लोकर राठ, वरच्या थराला टोचते आणि बसायला वेळ घेते. धुताना कोमट साबणपाण्यात वीस मिनिटं नुसती भिजवा, चोळू नका, पिळू नका. उचलून चाळणीवर निथळा, असं तीन वेळा. काटेकुसळं वाळल्यावर हाताने वेचायची, ते काम धाकटीचं.