तळपायावर किल्ली ओढली अन् अंगठा वर गेला. हा बाबिंस्की कोण?

कापूसवाला (दारव्हा तालुका):
माही माय दिवाळीपासून डावा पाय ओढत चालते. कापूस वेचाले गेली का धुऱ्यावर अडखळून पडे. गल्लीतल्या बाया म्हणे, बुढी सोंग करते, सुनेवर काम ढकलाले. खरं सांगतो, मलेही एकदोनदा तसंच वाटलं. जवळच्या दवाखान्यात दोनदा ताकदीची सलाईन लावली, पाय तसाच. मोठ्या दवाखान्यात नेलं तं एका पोरसवदा डॉक्टरनं खिशातली गाडीची किल्ली काढली अन् मायच्या तळव्यावर ओढली. अंगठा हळूच वर गेला. कागदावर 'बाबिंस्की पॉझिटिव्ह' लिहून मानेचा एमआरआय सांगतला. दुखणं पायाचं, फोटो मानेचा! हा काय रोग हाये?

सिस्टरबाई (रिटायर, अमरावती):
रोग नाही भाऊ, माणसाचं नाव आहे. तळव्याच्या बाहेरच्या कडेनं टाचेपासून बोटांकडे बोथट वस्तू ओढली की मोठ्या माणसाची बोटं खाली वळतात. मेंदूचा हुकूम पाठीच्या कण्यातून खाली नेणारी वाट वर कुठं दबली, तर अंगठा उलटा वर जातो. ती जागा मानेतही असू शकते. आईला हातानं बारीक कामं जमतात का? एमआरआय टाळू नका.

मास्तर:
जोझेफ बाबिंस्की, जन्म 1857, पॅरिस. आईबाप पोलंडहून परागंदा झालेले. शार्को या नामांकित डॉक्टरचा चेला. 1892 मध्ये प्राध्यापकीची परीक्षा हुकली, प्राध्यापक कधी झालाच नाही. पिती नावाच्या दवाखान्यात रोगी तपासत राहिला. 1896 मध्ये या अंगठ्यावर जेमतेम 28 ओळींचं टिपण वाचलं, आणि नाव राहिलं ते त्याच्यावर. (लग्न केलं नाही, भावासोबत राहिला. भाऊ इंजिनियर, पण त्यानं पाककृतींचा जाडजूड ग्रंथ लिहिला!) तेव्हा मोठा पेच हाच होता, की पाय लुळा पडला तो नसेच्या इजेनं की हिस्टेरियानं, म्हणजे नसेला इजा नसताना मनाच्या कारणानं. हिस्टेरियात अंगठा असा वर जात नाही. म्हणजे गल्लीतल्या बायांचा वाद त्यानं तेव्हाच मिटवला होता.

कापूसवाला:
सिस्टरबाई, तुमी हाताचं इचारलं अन् मी चरकलो. तिले पोलक्याचे हुक लागत नोयते, नात लावून दे. आमी म्हनलो वय झालं. काल फोटो निघाला, मानेत नस दबली हाये, ऑपरेशन सांगतलं. एक भेव हाये: बहिणीच्या चार महिन्याच्या पोराच्या तळव्यावर किल्ली ओढून पायली, त्याचाही अंगठा वर!

सिस्टरबाई:
तान्ह्याचं तसंच असते. ती वाट अजून पक्की व्हायची असते, चालायला लागेपर्यंत चालते. आता किल्ली ठेवून द्या.

कापूसवाला:
ठेवली. पण माय आयकत नाही. पानी भराले कोनी आली का खाटेवरून तळवा पुढं करते, "पाय वं, हे सोंग हाये का?"